साउंडचा तास तिसऱ्या मजल्यावर, बालशिक्षणाचा तळमजल्यावर

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

तुमच्या पत्रांच्या पानावर एनईपीबद्दल, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाबद्दल, बरंच छापून येतंय, बहुतेक पत्रं वर्कलोडबद्दल नाहीतर रिझल्ट रखडल्याबद्दल असतात, ते सगळं खरंच आहे आणि मीही त्याच रांगेत उभा आहे. पण मला एका बारक्या गोष्टीबद्दल लिहायचंय, जिच्यात ना पगारवाढ आहे ना आंदोलन म्हणून तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. एकाच कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर डिजिटल ऑडिओ शिकवतात आणि तळमजल्यावर बालशिक्षण शिकवतात, दोन्हीकडची पोरं सेमिस्टरभर असाइनमेंट करतात, सेमिस्टर संपलं की दोन्हीकडच्या असाइनमेंट कपाटात नाहीतर रद्दीत, आणि ज्या ठिकाणी या दोन्हीची खरी गरज आहे ती अंगणवाडी कॉलेजच्या गेटपासून पायी जाण्याच्या अंतरावर असते. तिकडे कोणी फिरकत नाही.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर साउंड शिकवतो (तासिका तत्त्व म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांनी न विचारलेलंच बरं). बायको बालवाडीत शिकवते. त्यामुळे आमच्याकडे जेवणाच्या ताटावर हे दोन्ही विषय रोज वाढलेले असतात आणि बहुतेक वेळा वाद तीच जिंकते.

आता व्यवस्था कशी आहे ते थोडक्यात सांगतो. २०२३ च्या शासन निर्णयाने आपल्याकडे क्रेडिटची जी रचना आली तिच्यात मेजर, मायनर म्हणजे मुख्य आणि जोडविषय सोडून बाकी बास्केट आहेत. एसईसी म्हणजे कौशल्याचा कोर्स, ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह आणि तो आपल्या फॅकल्टीबाहेरचाच घ्यायचा असा नियम, शिवाय सीईपी नावाचा समाजात जाऊन काहीतरी करायचा भाग. म्हणजे बीकॉमची मुलगी ओईला बालशिक्षण घेऊ शकते आणि तीच मुलगी एसईसीला ऑडिओ एडिटिंग घेऊ शकते, आणि आमच्याकडे अशा मुली आहेत, एक दोन नाही बऱ्याच आहेत. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, दोन क्रेडिटचा कोर्स म्हणजे ६० तास. वर धोरणाच्या कागदावर ५+३+३+४ लिहिलंय, त्यातला पहिला ५ म्हणजे तीन ते आठ वर्षांची मुलं, पायाभूत स्तर म्हणून त्याचं केवढं कौतुक, २०२२ मध्ये त्याचा वेगळा राष्ट्रीय आराखडा आला, २०२३ मध्ये जादुई पिटारा नावाचा खेळ-साहित्याचा संच आला. कागदावर सगळं एकमेकांना जोडलेलं आहे हो. टाइमटेबलवर मात्र नाही.

माझ्या विषयात पोरं काय करतात ते सांगतो म्हणजे मी दुसऱ्याच्या घरावर दगड मारतोय असं वाटायला नको. पहिले काही तास थिअरी, कानाला २० हर्ट्झ ते २० हजार हर्ट्झ ऐकू येतं म्हणून सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते, त्याच्या दुपटीहून जास्त लागतं म्हणून सीडीला ४४.१ किलोहर्ट्झ आणि व्हिडिओला ४८, मग १६ बिट की २४ बिट, मग माईकचे प्रकार. कंडेन्सर माईक आमच्याकडे एकच आहे आणि तो विभागप्रमुखांच्या कपाटात असतो, किल्ली मागायला अर्ज लागतो, त्यामुळे पोरं मोबाइलवर नाहीतर कॉलर माईकवर रेकॉर्ड करतात आणि ऑडासिटी फुकट आहे म्हणून त्यात एडिट करतात. यात काही वाईट नाही, गोधडी पांघरून केलेलं रेकॉर्डिंग आरसीसीच्या रिकाम्या खोलीतल्यापेक्षा कधीही चांगलं येतं, हे मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. अडचण पुढे आहे. असाइनमेंट काय, तर एक जिंगल, एक रेडिओ जाहिरात आणि एक पॉडकास्टचा एपिसोड. पॉडकास्ट म्हटलं की सगळ्यांचा आवाज एकदम बदलतो, एफएमवाल्या आरजेसारखा गोड आणि घाईघाईचा होतो, "नमस्कार मित्रांनो" ने सुरू होतो आणि विषय असतो मोटिव्हेशन. खाली यूट्यूबवरून उचललेलं म्युझिक. तो एपिसोड मी ऐकतो, एक्स्टर्नल म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक पहिलं अर्धं मिनिट ऐकतात, आणि पृथ्वीतलावर तिसरा माणूस तो ऐकत नाही. तरी ५० पैकी ४२ मिळतात.

तळमजल्यावर याच्या उलट, तिकडे आवाजच नाही. जर्नल असतं. मुलाचा विचार कसा वाढतो त्याच्या पियाजेने सांगितलेल्या चार अवस्था, मॉंटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं, आपल्याकडचे बालशिक्षणवाले गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक, सगळं सुवाच्य अक्षरात. मग शैक्षणिक साहित्य म्हणून थर्माकोलवर चिकटवलेली फळं नाहीतर स्केचपेनने रंगवलेला चार्ट, वर कव्हर घातलेलं म्हणजे मुलांचा हात लागायला नको! व्हायवाला प्रश्न येतो की बालवाडीत गोष्टीचं महत्त्व सांगा आणि पोरगी धडाधड आठ मुद्दे सांगते, पण तिला म्हटलं एक गोष्ट सांग बघू, तर ती लाजते. मोठ्याने गोष्ट सांगायची प्रॅक्टिस तिला कोणी दिलीच नाही. ज्या घरात आजी अजून गोष्टी सांगते त्या घरातून ती आलेली असते बरं का.

आता मुख्य मुद्दा. या दोन असाइनमेंट एक करा. ऑडिओच्या पोरांनी तीन चार मिनिटांची गोष्ट, कोडं, चालीवर म्हणायचं गाणं, हालचालीचा खेळ असं काहीतरी तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बनवायचं, बालशिक्षणाच्या पोरांनी ते लिहायला आणि तपासायला बरोबर बसायचं, आणि मार्क वर्गात नाही द्यायचे, अंगणवाडीत जाऊन लावायचं आणि मुलं काय करतात ते बघून द्यायचे. एवढंच माझं म्हणणं आहे. वरवर सोपं वाटतं पण यातून दोन्ही विषय किती बदलतात ते मला एका प्रसंगानंतर नीट कळलं म्हणून तो सांगतो.

माझ्या एका विद्यार्थिनीने शेळीची गोष्ट रेकॉर्ड केली होती, आवाज चांगला, लेव्हल बरोबर, कुठे क्लिपिंग म्हणजे आवाज फाटणं नाही. मी ती फाइल बायकोच्या बालवाडीत मोबाइलला स्पीकर जोडून लावली. गोष्टीत मध्येच प्रश्न होता, "सांगा बरं, शेळी कशी ओरडते?" पोरं खुशीत आली, दोघातिघांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात फाइलमधूनच "बें बें" आलं आणि गोष्ट पुढे पळाली. पोरं तशीच तोंड उघडी ठेवून स्पीकरकडे बघत राहिली. पुढचा प्रश्न आला तेव्हा एकानेही उत्तर द्यायचा प्रयत्न केला नाही, एक जण तर उठून चपला घालायला गेला. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुझ्या पोरीने प्रश्न पण विचारला आणि उत्तर पण तिनेच दिलं, मग माझी मुलं कशाला पाहिजेत?"

गंमत अशी की त्या मुलीने मुळात रेकॉर्ड करताना जागा सोडली होती. एडिट करताना काढली. कारण आमच्याकडे शिकवतातच तसं, रिकामी जागा म्हणजे डेड एअर, डेड एअर म्हणजे श्रोता गेला, ऑडासिटीत तर ट्रंकेट सायलेन्स नावाची कमांडच आहे, एक क्लिक केलं की सगळ्या शांत जागा आवळल्या जातात. मोठ्यांच्या पॉडकास्टला ते ठीक आहे. चार वर्षांच्या मुलाला मात्र प्रश्न ऐकायचा, समजायचा, शेळी आठवायची, शेजारच्याकडे बघायचं आणि मग ओरडायचं असतं, त्याला वेळ लागतो. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमधून हेच मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच बोलतात, तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, न बोलणारी मुलं बोलायला लागतात. आणि रेडिओवाल्यांनाही हे माहीत होतं. १९७४ मध्ये निकाराग्वात रेडिओवरून गणित शिकवायचा प्रकल्प सुरू झाला त्यात कार्यक्रमातच मोजून जागा सोडलेल्या होत्या, रेडिओ विचारणार, थांबणार, वर्गातली मुलं ओरडून उत्तर देणार, मग रेडिओ पुढे जाणार. पुढे हीच पद्धत झांझिबारमध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी वापरली गेली. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही, आणि आमच्या सिलॅबसमध्ये रेडिओच्या इतिहासावर एक अख्खं युनिट आहे, त्यात मार्कोनी आहे, याचा उल्लेख नाही.

दुसरी फाइल त्याच मुलीने बनवली. यावेळी जागा किती सोडायची ते बालवाडीत बसून, मुलं किती वेळ घेतात ते ऐकून ठरवलं. शेळीला जास्त लागते, "तुमचं नाव काय" ला कमी, "उड्या मारा" नंतर तर बरीच, कारण एकदा उड्या सुरू झाल्या की थांबत नाहीत, तिथे तिने शेवटी हलकी घंटी टाकली म्हणजे थांबायची खूण. हे सगळं कुठल्या पुस्तकात नव्हतं. मला विचाराल तर त्या दुपारी ती एडिटिंग शिकली.

आवाजाच्या क्वालिटीचं पण तसंच आहे. आपण मोठी माणसं गोंगाटात अर्धवट ऐकलेलं वाक्य डोक्यात पूर्ण करून घेतो कारण भाषा आपल्याला आधीच येते. लहान मुलाकडे तो साठा नसतो, त्यामुळे तेवढ्याच गोंगाटात त्याला आपल्यापेक्षा कमी कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा असं म्हटलंय, आणि आमच्या इकडची अंगणवाडी म्हणजे वर पत्रा, पाऊस आला की ताईंना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, बाहेर ट्रॅक्टर, आत खिचडीचं पातेलं. अशा ठिकाणी गोष्टीखाली सतत म्युझिक वाजवणं म्हणजे मुलाच्या कानावर हात ठेवण्यासारखं आहे. आमची पोरं मात्र म्युझिकशिवाय फाइल द्यायलाच तयार नसतात, रिकामं वाटतं सर म्हणतात.

आणि ते नॉइज रिडक्शन! पंख्याचा आवाज आला की पोरं नॉइज रिडक्शनचं बटण दाबतात, तेही फुल्ल. मोठ्यांना फरक कळत नाही. पण पूल आणि फूल, ताट आणि थाट, काटा आणि खाटा यांच्यातला फरक म्हणजे हवेचा एक छोटासा झोत आहे, तो झोत सॉफ्टवेअरला नॉइजच वाटतो आणि ते त्याला पुसून टाकतं. स आणि श तर वरच्या फ्रिक्वेन्सीत राहतात, ते पण गुळगुळीत होतात. जे मूल अजून हेच आवाज वेगवेगळे करायला शिकतंय त्याला आपण पुसलेले आवाज ऐकवतोय. त्यापेक्षा पंखा बंद करा, थोडं घामेजून रेकॉर्ड करा. लो कट, म्हणजे खालचा जाड आवाज कापणारा फिल्टर, ८० हर्ट्झच्या आसपास लावा कारण मोबाइलच्या आणि स्वस्त ब्लूटूथ स्पीकरच्या पोटातून खालचा आवाज तसाही नीट येत नाही, उगाच घरघर. पॉडकास्टला आवाजाची एकूण पातळी आम्ही उणे १६ एलयूएफएस (ती मोजायचं एकक) शिकवतो ते चालेल, पण फाइल मोनोच म्हणजे एकाच चॅनेलची ठेवा, ६४ केबीपीएसच्या एमपीथ्रीत चार मिनिटांची गोष्ट दोन एमबीच्या आत बसते, ताईंच्या फोनमध्ये जागा किती असते हे बघितलंय का कधी? तीच गोष्ट ४८ किलोहर्ट्झ २४ बिटच्या न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर खाते. एवढं एक उदाहरण दिलं की बिट रेटचा धडा जन्मात विसरत नाही, नाहीतर परीक्षेत "फरक स्पष्ट करा" लिहून मोकळे.

इफेक्टसाठी नेटवरून पक्षी आणि पाऊस डाउनलोड करायची पण गरज नाही. कुकरची शिट्टी, कोंबडा, बैलाच्या गळ्यातली घुंगरं, एसटीचा हॉर्न, हातपंप, हे सगळं गावात फुकट आहे आणि मुलांच्या ओळखीचं आहे. एका मुलाने हातपंपाचा आवाज आणला होता, तो लावल्यावर बालवाडीतल्या मुलांनी आपोआप हात वर खाली करायला सुरुवात केली.

भाषेबद्दल मात्र मला जरा रागानेच लिहायचंय. आमच्याकडे सुरगाणा, पेठ, कळवण भागातली बरीच पोरं येतात, त्यांच्या घरी कोकणा बोलतात, काहींकडे वारली, बागलाण मालेगावकडच्यांकडे अहिराणी. माईकसमोर आली की ही पोरं पुस्तकी मराठीत शिरतात आणि अडखळतात कारण आमच्या मार्कांच्या तक्त्यात "उच्चारशुद्धता" नावाचा रकाना आहे, पाच मार्कांचा. शुद्ध म्हणजे कुणाचं, तर तक्ता बनवणाऱ्याचं. आता विचार करा, त्याच तालुक्यातलं तीन वर्षांचं मूल अंगणवाडीत येतं तेव्हा त्याला घरची भाषा येते आणि ताई जी पुस्तकातली गोष्ट वाचतात ती त्याला परकी असते. ताईंनाही बहुतेक वेळा ती बोली येते, गप्पा त्याच भाषेत मारतात, पण "शिकवायचं" म्हटलं की भाषा बदलते. धोरणात तर स्पष्ट लिहिलंय की लहान वयात घरच्या भाषेत शिकवा. त्या भाषेत ऐकायला साहित्य कुठाय? बाजारात नाही, ॲपवर नाही, कार्टूनवर तर नाहीच. ते बनवू शकेल असा माणूस एकच, तो सुरगाण्याहून एसटीने येऊन माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसतो आणि आरजेसारखं बोलता येत नाही म्हणून पाच मार्क घालवतो.

त्याच्या आजीकडे गोष्टी आहेत. आजीला रेकॉर्ड करायचं, ती चुलीजवळ बसून सांगते तिथेच, लाकडांचा आवाज येऊ दे थोडा. फील्ड रेकॉर्डिंग हा आमच्या सिलॅबसमधला अधिकृत टॉपिक आहे, फक्त उदाहरण म्हणून "रेल्वे स्टेशनचा आवाज" दिलेलं असतं. हल्ली तर एआयचे आवाज आलेत, एका ग्रुपने अख्खी गोष्ट एआयकडून वाचून घेतली आणि सबमिट केली, उच्चार स्वच्छ होते, पण "अगं बाई, वाघ आला!" हे वाक्य एआयने "बँकेची वेळ दहा ते चार आहे" असं वाचावं तसं वाचलं. त्यांना मी दुसरी काही शिक्षा केली नाही, बालवाडीत लावायला सांगितलं. मुलांनीच निकाल लावला, वाघाला कोणी घाबरलंच नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो नाहीतर उद्या कोणीतरी टेंडर काढेल. रेकॉर्डिंग हे ताईंच्या जागी नाही. बायकोचा पहिला आक्षेप हाच होता आणि तो बरोबर आहे. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी मँडरिन ऐकवली, काहींना समोर बसलेल्या माणसाकडून, काहींना व्हिडिओवरून, काहींना फक्त ऑडिओवरून. माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखता आले, व्हिडिओ आणि ऑडिओवाल्यांना नाही. बाळं अगदी तान्ही होती, चार वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे हे मान्य, तरी दिशा कळते. मूल माणसाकडून शिकतं. म्हणून फाइल अशी हवी की ती ताईंना मुलांशी बोलायला भाग पाडेल, जागा सोडेल, मध्येच "आता ताईंना विचारा" म्हणेल, आणि संपल्यावर ताई आणि मुलं स्पीकर बंद करून तोच खेळ पुढे खेळत राहतील. मोबाइलवरच्या कार्टूनपेक्षा हे बरं एवढ्यासाठी की डोळे स्क्रीनला चिकटत नाहीत, हातपाय मोकळे राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाच्या वर नको, आणि घरोघरी जेवताना काय चालतं ते आपण बघतोच.

आणि सेविकांवर आधीच काय कमी ओझं आहे का? पोषण ट्रॅकर ॲप भरा, वजन उंची घ्या, टीएचआर म्हणजे घरी न्यायचा आहार वाटा, सर्व्हे करा, लसीकरणाला बायका गोळा करा, निवडणूक आली की आणखी काहीतरी. त्यात आमची पंचवीस पोरं फाइल घेऊन दारात उभी राहिली तर ताई हाकलूनच देतील आणि मी त्यांच्या बाजूने असेन. म्हणून नवीन ॲप नको, रजिस्टर नको, फोटो तर मुळीच नकोत. एका वेळी दोन विद्यार्थी, अर्धा तास, ताईंना सोयीचा दिवस, स्पीकर आपला आपण न्यायचा आणि जाताना चटया उचलून ठेवायच्या. मुलांचा आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर आईबापांची परवानगी घ्यायची, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहेच, आणि कायदा नसता तरी विचारायला काय जातं. बहुतेक असाइनमेंटला मुलांचा आवाज लागतच नाही, मुलांनी काय केलं ते वहीत लिहिलं तरी पुरतं. कुठे उत्तर दिलं, कुठे उठून गेली, कुठली ओळ पुन्हा म्हणाली. बालशिक्षणवाल्या पोरांचं निरीक्षणाचं जर्नल यातूनच भरतं, आणि ते मागच्या वर्षीच्या सीनियरचं कॉपी करता येत नाही.

आपल्याकडे हे नवीनही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू करतात, मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेतात, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवतात, पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये आयुष्य काढतात, आणि साहित्य काय तर बिया, शिंपले, पानं, काड्या. सरकारची अंगणवाडी योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला, म्हणजे तीस वर्षांनी. आमच्या पोरी हे सगळं पाठ करतात, सन सकट. पण आपल्या खिशातला मोबाइल हा पण एक शिंपलाच आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

अडचणी काय येतात ते मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये ऐकून आलोय. पहिली, टाइमटेबल, ओई सकाळी आणि एसईसी दुपारी आणि दोन्हीच्या बॅच वेगळ्या. दुसरी, वर्कलोड कोणाच्या नावावर लावायचा, कारण एका असाइनमेंटला दोन शिक्षक म्हणजे ऑफिसच्या एक्सेलमध्ये तसा रकानाच नाही. तिसरी, एक्स्टर्नलला अंगणवाडीत न्यायचं तर टीए डीए कोण देणार. चौथी मला मनापासून आवडली, "मुलांनी प्रतिसाद दिला नाही तर विद्यार्थी नापास करायचा का?" मी म्हटलं नाही सर, प्रतिसाद का दिला नाही ते शोधून दुसरी फाइल बनवायची, त्याला मार्क. त्यावर विचार करू म्हणाले. हे सगळं सीईपीत बसवता येतं, कारण त्यात समाजात जाऊन काम करणं अपेक्षितच आहे आणि सध्या त्याच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी एक रॅली, एक झाड आणि एक ग्रुप फोटो होतो.

ज्यांच्याकडे कम्युनिटी रेडिओ आहे त्यांना तर हे आणखी सोपं आहे. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे, म्हसवडला माणदेशी तरंग आहे, अशा स्टेशनांच्या आसपासच्या कॉलेजांनी विचार करावा. जिथे रेडिओ नाही तिथे व्हॉट्सॲप आहे, फक्त फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

अभ्यास मंडळावर जे प्राध्यापक आहेत त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असतील तर दोनच गोष्टी मागतो. ऑडिओच्या कोर्समध्ये तीन असाइनमेंटपैकी एक तरी "मोठ्यांसाठी नसलेली" हवी आणि ती खऱ्या मुलांसमोर लावलेली हवी. आणि तो उच्चारशुद्धतेचा रकाना काढून तिथे "ऐकणाऱ्याला कळलं का" असा रकाना टाका, मार्क तेवढेच राहू द्या. आमच्या या सेमिस्टरचं सबमिशन दिवाळीच्या सुट्टीआधी आहे, मी माझ्यापुरती दोन बॅचना परवानगी मिळवली आहे, सुरगाण्याचा तो मुलगा आजीची रानडुकराची गोष्ट कोकणा बोलीत रेकॉर्ड करून आणणार आहे. आजीची अट एकच आहे, नातवाने मध्ये मध्ये बोलायचं नाही.

आपला,
तासिका तत्त्वावरचा एक मास्तर
जि. नाशिक